विषारी वायूला माप देणारे डॉ. हॉल्डेन

वेल्समधील टायलरस्टाउन येथील कोळसा खाणीत २७ जानेवारी १८९६ रोजी स्फोट झाला आणि ५७ माणसे दगावली. खाणीत स्फोट झाला म्हणजे माणसे भाजून, चिरडून किंवा धक्क्याने मरणार, अशी त्या काळची समजूत होती. चौकशीसाठी आलेल्या पस्तिशीतल्या एका डॉक्टरने मात्र मृतदेह एकेक करून पाहिले, रक्ताचे नमुने तपासले आणि वेगळेच निदान केले. बहुतेकांच्या अंगावर जीव जाण्याजोगी जखम नव्हती. त्यांची कातडी निळी पडलेली किंवा पांढरीफटक नव्हती, ती गुलाबी होती. स्फोटातून ही माणसे वाचली होती. स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला होता.

या डॉक्टरांचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला ‘हॉल्डेन परिणाम’ शिकावा लागतो, तो यांच्याच नावाचा. आज सांडपाण्याच्या वाहिनीत, रासायनिक कारखान्यात किंवा खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या छातीवर वायू ओळखणारे एक छोटे यंत्र लावलेले असते. त्या यंत्रावर विश्वास ठेवायचा तर ते अधूनमधून ठरावीक मात्रेच्या वायूने तपासून घ्यावे लागते. हवेत विष आहे की नाही एवढ्यावर न थांबता ते नेमके किती आहे, हे विचारण्याची सवय ज्यांनी लावली त्यांत हॉल्डेन अग्रभागी होते. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १८६० चा, एडिंबरा शहरातला. घराणे सुखवस्तू आणि विचारी. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सलर झाले. मामा जॉन बर्डन-सँडरसन हे ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. जॉन १८८४ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर झाले. दवाखाना थाटून रोगी तपासण्यापेक्षा माणसे जी हवा घेतात ती तपासण्याकडे त्यांचा ओढा होता. डंडी शहरात सहकाऱ्यांबरोबर काम करताना ते मध्यरात्रीनंतर गरीब वस्तीतल्या एकखोली घरांची दारे ठोठावत. आत दाटीवाटीने झोपलेल्या कुटुंबांच्या खोलीतली हवा बाटलीत भरून आणत आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती, जंतू किती, हे मोजत. दिवसा दारे-खिडक्या उघड्या असताना घेतलेला नमुना खरी परिस्थिती दाखवणार नाही, हे त्यांना कळत होते.

त्याच सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातल्या गटारांची हवाही त्यांनी तपासली. गटारातल्या वाईट हवेने रोग पसरतात, अशी लोकांची पक्की समजूत होती. मोजल्यावर त्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जंतू कमीच निघाले. दुर्गंधी म्हणजे रोगजंतू, हे समीकरण त्यामुळे ढिले पडले. पण म्हणून गटार निर्धोक आहे असे नव्हे, हेही लवकरच दिसले. १८९५ साली लंडनच्या पूर्वेकडील ईस्ट हॅम येथे सांडपाण्याच्या वाहिनीत पाच कामगार मेले. एक जण खाली कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. हॉल्डेन यांनी चौकशी करून हायड्रोजन सल्फाइडकडे बोट दाखवले. हा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाले, की थोड्याच वेळात नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो.

वाचकांना ही घटना ओळखीची वाटेल. एकामागोमाग एक उतरलेली माणसे, वर जमलेली गर्दी आणि शेवटी ओळीने ठेवलेले मृतदेह, हे आपल्याकडे आजही घडते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा कामाला उतरवणे हा गुन्हा ठरवला, तरीही घडते.

त्या १८९५ सालीच हॉल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइडचे आपले प्रसिद्ध प्रयोग छापले. या वायूला रंग नाही, वास नाही, तो घशाला खवखवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतो. त्यामुळे हवेत त्याचा अंश थोडा असला तरी रक्तातली जागा तो हळूहळू बळकावत जातो. किती प्रमाणात, किती वेळात, किती बळकावतो आणि त्या वेळी माणसाला नेमके काय होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मृतदेहाकडून ते कळणे शक्य नव्हते. हॉल्डेन यांनी हवेत वायूची ठरावीक मात्रा मिसळली आणि ती स्वतः हुंगली. ठरावीक वेळाने बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, लक्षणांची नोंद करायची आणि पुन्हा श्वास घ्यायचा, असा क्रम. रक्तातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हिमोग्लोबिन अडकले की जिना चढताना छाती धडधडे. निम्म्याच्या आसपास गेल्यावर पाय लटपटत, नजर धूसर होई, साधा विचारही सुचत नसे. एका प्रयोगात हे प्रमाण ५६ टक्क्यांपर्यंत गेले. त्याच्या थोडे पुढे मृत्यूच होता.

रक्तातले प्रमाण ते कसे मोजत, ते पाहण्यासारखे आहे. निरोगी माणसाचे रक्त पाण्यात खूप पातळ केले की पिवळसर दिसते. तेच रक्त कार्बन मोनॉक्साइडने पूर्ण भरले की गुलाबी दिसते. ही झाली दोन टोके, शून्य आणि शंभर. तपासायचे रक्त या दोहोंच्या मध्ये कुठे येते, ते पाहण्यासाठी निरोगी रक्ताच्या नळीत कार्माइन नावाच्या लाल रंगाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकायचे आणि रंग जुळला की थांबायचे. लागलेल्या थेंबांवरून टक्केवारी निघे. आज कोणतेही वायुमापक तपासताना हेच करतात. आधी शुद्ध हवेवर शून्य लावतात, मग माहीत असलेल्या मात्रेचा वायू देऊन वरचे टोक लावतात. याला अंशांकन किंवा सर्रास बोलीत कॅलिब्रेशन म्हणतात. बाजारातल्या वजनकाट्यावर ठरावीक मुदतीने सरकारी शिक्का मारून घेतात, तसलाच प्रकार.

खाणकामगारांकडे त्या काळी एकच साधन होते, सुरक्षा दिवा. मिथेन असेल तर ज्योतीभोवती निळसर टोपी दिसे, प्राणवायू कमी झाला तर दिवा विझे. कार्बन मोनॉक्साइड मात्र या दिव्याला कळत नव्हता. दिवा नीट जळत राही आणि तो धरणारा माणूस कोसळे. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. तिच्यात शहाणपण आहे, पण तेही अर्धेच. कंदील जळला म्हणजे प्राणवायू आहे एवढेच कळते. विष नाही असे त्यातून कळत नाही.

या दिव्याला पूरक म्हणून हॉल्डेन यांनी उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर नेण्याचा सल्ला दिला. त्यांच्या प्रयोगांत ज्या हवेत माणसाला अर्ध्या तासाच्या आसपास त्रास सुरू होई, त्याच हवेत उंदीर दीड मिनिटात गळून पडे. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास आणि चयापचय इतका वेगवान असतो की विष त्याच्या रक्तात माणसाच्या सुमारे वीसपट लवकर चढते. पुढे कॅनरी पक्षी जास्त सोयीचा ठरला, कारण तो दांडीवरून पडला की अंधुक उजेडातही चटकन दिसतो. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची लहान नळकांडीही जोडलेली असे. पक्षी पडला की दार बंद करून प्राणवायू सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचे. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा इतकी रुळली की पक्ष्यांना निरोप देऊन त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय थेट १९८६ मध्ये झाला.

हॉल्डेन यांचे इतर कामही याच रीतीचे होते. १९०५ मध्ये प्रीस्टली यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की आपला श्वास किती खोल आणि जलद चालावा हे मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरते. १९०८ मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्यांनी बोकडांवर प्रयोग करून पाणबुड्यांसाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. आजचे समुद्रात बुडी मारणारे त्यांच्याच वाटेने सुरक्षित वर येतात. उंदराला दाबाखालच्या शुद्ध प्राणवायूत ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड असूनही तो जगतो, हेही त्यांनी दाखवून दिले होते. या विषबाधेवर डॉक्टर आज आधी भरपूर प्राणवायू देतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे.

धाकट्या जॅकला, म्हणजे पुढच्या जे. बी. एस. यांना, ते लहानपणीच खाणीत घेऊन जात. एकदा मिथेन साचलेल्या जागी वडिलांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींत पोराला धाप लागली, पाय गळाले आणि तो खाली पडला. जमिनीलगत आल्यावर त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असून वरच्या बाजूला साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. आजच्या पालकांनी याचे अनुकरण करू नये, हे सांगायला नको. हेच जे. बी. एस. १९५७ मध्ये भारतात आले, येथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, तेव्हा ब्रिटिश सरकारने हॉल्डेन यांनाच फ्रान्सला पाठवले. गुदमरलेले सैनिक पाहून त्यांनी वायू ओळखला. परतल्यावर ते आणि त्यांचे सहकारी बंद खोलीत क्लोरीन मिसळलेल्या हवेत बसले. मुखवटा लावून आणि न लावता, बसून आणि हालचाल करून, माणूस किती वेळ तग धरतो ते त्यांनी मोजले. मुलालाही आघाडीवरून मदतीला बोलावून घेतले होते. पंचावन्न वर्षांच्या माणसाने आपल्या फुप्फुसांचे मापयंत्र केले होते.

आता क्लोरीनवरूनच आजच्या काळात येऊ. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीनच्या टाक्या असतात. कामाच्या जागी या वायूची मर्यादा साधारण एक पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतके सूक्ष्म प्रमाण ओळखण्यासाठी जे सेन्सर वापरतात, त्यांत एक बारकी विद्युत-रासायनिक घटी असते. वायू पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर त्याची क्रिया होते आणि अगदी क्षीण वीज वाहते. ती जितकी जास्त, तितका वायू जास्त. पण ही घटी म्हातारी होते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तिच्यातले द्रावण आटते, पावसाळ्यात ते ओल शोषते, पडद्यावर धूळ बसते. यंत्र चालू असते, पडद्यावर शून्य दिसते, हिरवा दिवाही लागतो. तो शून्य हवा शुद्ध असल्यामुळे आहे की सेन्सर मेल्यामुळे, हे बघून कळत नाही. त्यासाठी त्याला खरा वायू हुंगवावा लागतो.

खरा वायू आणायचा कुठून, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. कार्बन मोनॉक्साइडचे सौम्य मिश्रण नळकांड्यात बराच काळ टिकते. क्लोरीन, क्लोरीन डायऑक्साइड यांसारखे चंचल वायू मात्र नळकांड्याच्या, नळीच्या आणि झडपेच्या भिंतींना चिकटतात किंवा त्यांच्याशी क्रिया करतात. लेबलवर दहा पीपीएम लिहिलेले असले तरी बाहेर कमीच येते. ओझोन तर साठवून ठेवताच येत नाही. शिवाय दाबाखालचे विषारी नळकांडे जीपमध्ये घालून गावोगाव फिरणे हे स्वतःच एक जोखीम असते.

म्हणून हातात मावणारे वायुजनक तयार झाले. तत्त्व मायकेल फॅरेडे यांचे, एकोणिसाव्या शतकातले. द्रावणातून ठरावीक वीज सोडली की ठरावीक वायू निर्माण होतो, ना जास्त ना कमी. सेन्सरमध्ये वायूपासून वीज होते, येथे विजेपासून वायू होतो. जनकात क्लोराइडचे द्रावण असलेली छोटी कुपी असते आणि एक पंप तिच्यावरून मोजून हवा ढकलतो. हिशेब करून पाहू. मिनिटाला अर्धा लिटर हवा वाहत असेल आणि तीत क्लोरीन दहा पीपीएम हवा असेल, तर साधारण ०.६६ मिलिअँपिअर वीज पुरते. एक साधा एलईडी दिवा याच्या कितीतरी पट वीज खातो. बटण दाबले की वायू तयार, बंद केले की संपला. हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन यांसाठीही अशा कुप्या मिळतात. ओझोनसाठी अतिनील किरणांचा दिवा वापरतात.

दुसरी पद्धत झिरपनळीची. ओकीफ आणि ऑर्टमन यांनी ती १९६६ मध्ये मांडली. टेफ्लॉनच्या बंद नळीत द्रवरूप केलेला वायू ठेवायचा. तापमान कायम राखले तर तो नळीच्या भिंतीतून अगदी संथ, एकसारखा झिरपतो. नळीचे वजन दिवसागणिक किती घटले यावरून झिरपण्याचा वेग कळतो. वरून मोजकी हवा सोडली की हवी ती मात्रा तयार होते.

या वायुजनकांनाही मर्यादा आहेत. कुपी जुनी झाली, हवा फार दमट असली किंवा पंपाचा वेग बदलला की त्यांची मात्रा चुकते. म्हणून त्यांनाही वेळोवेळी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागते. मापकाला जनक तपासतो, जनकाला प्रयोगशाळा तपासते, अशी ही साखळी आहे. रोज कामाला उतरण्यापूर्वी मापकाला क्षणभर वायू दाखवून भोंगा वाजतो का ते पाहायचे, ही झटपट चाचणी. आकडा बरोबर लावणे हे पूर्ण अंशांकन, ते निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीने करायचे. पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते.

हे सगळे कारखान्यापुरते आहे असे कोणी समजू नये. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे बेशुद्ध झालेली माणसे सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येतात. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि नातेवाईक म्हणतात, ऑक्सिजन तर छान आहे. हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशाने हिमोग्लोबिन पाहते. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्यासारखेच लालबुंद दिसते. टायलरस्टाउनच्या मृतदेहांच्या गुलाबी कातडीने पाहणाऱ्यांना जसे फसवले असते, तसेच ते यंत्र फसते. त्यामुळे अशा रुग्णात त्या आकड्यावर विसंबून न राहता रक्ताची खास तपासणी करावी लागते आणि तिची वाट न पाहता प्राणवायू सुरू करावा लागतो.

हॉल्डेन शेवटपर्यंत थांबले नाहीत. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांतला अंकुशकृमी आणि धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार, खाणींतले उष्णतेचे विकार, सगळीकडे ते स्वतः उतरले. १९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पंच्याहत्तरीत ते इराण आणि इराकच्या तेलक्षेत्रांत गेले, कारण तिथल्या कामगारांना उष्माघात का होतो ते त्यांना पाहायचे होते. परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वेळी विषारी हवा ओळखायला पक्षी होता, उंदीर होता, स्वतःचे शरीर होते. आज कुणाला गुदमरून मापन करण्याची गरज उरलेली नाही. गृहसंस्थेची मैलाटाकी उपसायची असेल, कारखान्यात टाकी धुवायची असेल, गावची जुनी विहीर साफ करायची असेल, तर उतरणाऱ्याकडे वायुमापक आहे का, हे विचारा. आहे म्हणाले, तर ते शेवटचे कधी तपासले, ही तारीख विचारा. आज सकाळी त्याला वायू दाखवून भोंगा वाजवून पाहिला का, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही तर माणूस खाली उतरू देऊ नका. आणि कुणी खाली कोसळलाच, तर त्याच्यामागे धावून उतरू नका. आधी अग्निशमन दलाला बोलवा.